लेसो ट्रिंडेल: बर्फाने टाकलेले धोंडे, माणसाने नेलेले आणि परत आणलेले

डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये कॅटेगॅट नावाचा उथळ समुद्र आहे. त्यात लेसो हे बेट. क्षेत्रफळ शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटर, वस्ती अठराशेच्या आसपास. बेटाच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून दूर, पाण्याखाली धोंड्यांचं एक खडप आहे. त्याचं नाव लेसो ट्रिंडेल. हे धोंडे शेवटच्या हिमयुगात बर्फाने आणून टाकले. पुढे माणसांनी त्यांतले मोठे मोठे वेचून बांधकामासाठी नेले. आणि २००८ साली डेन्मार्क सरकारने, युरोपीय संघाच्या निधीची मदत घेऊन, सुमारे एक लाख टन दगड नॉर्वेतून समुद्रमार्गे आणले आणि त्याच जागी पाण्यात सोडले.

ऐकताना हा वेडेपणा वाटतो. पण या सगळ्या काळात ज्यांनी ज्यांनी निर्णय घेतले, त्या प्रत्येकाकडे त्या वेळी पटण्यासारखं कारण होतं. तरीही एकूण व्यवहार आतबट्ट्याचा झाला. तो कसा झाला, आणि दुरुस्तीची वेळ आली तेव्हा कोणकोणत्या वाटा समोर होत्या, हे या प्रकरणात पाहायचं आहे. जागा, संस्था आणि आकडे सार्वजनिक नोंदीतले आहेत. माणसांची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला दगडाची टंचाई ही कल्पनाच पटत नाही. आपल्याकडे कुदळ मारावी तिथे काळा पाषाण लागतो. डेन्मार्कचं तसं नाही. बॉर्नहोम हे एक बेट सोडलं, तर ग्रॅनाइटसारखा कठीण खडक त्या देशात जमिनीवर कुठे उघडा पडलेला नाही. खाली चॉक आणि चुनखडी, वर वाळू, चिकणमाती आणि हिमनद्यांनी सोडलेला सरमिसळ गाळ, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकलो तो हिमोढ. त्यामुळे डेन्मार्कमध्ये शेतात, किनाऱ्यावर किंवा समुद्राच्या तळाशी ग्रॅनाइटचा धोंडा दिसला, तर तो बहुतेक वेळा नॉर्वे, स्वीडन किंवा फिनलंडकडून आलेला असतो.

आणणारा बर्फ. स्कँडिनेव्हियाच्या डोंगरांवरून पसरलेला बर्फाचा थर खालच्या खडकाच्या भेगांत गोठायचा, तुकडे उपटायचा आणि आपल्या पोटात घेऊन दक्षिणेकडे सरकायचा. नदी दगड वाहून नेते तेव्हा ते निवडत जाते. जड आधी पडतो, हलका पुढे जातो. बर्फाला असली निवड ठाऊक नाही. पिठासारखी बारीक भुकटी आणि घराएवढा धोंडा तो एकाच वेगाने नेतो आणि वितळला की दोन्ही एकाच जागी टाकतो. फ्युन बेटावर हेसेलागेर गावाजवळ दामेस्टेन नावाचा असा एक धोंडा आहे, वजन सुमारे हजार टन. डेन्मार्कमधला तो सर्वांत मोठा.

जटलंड म्हणजे डेन्मार्कचा मुख्य भूमीवरचा द्वीपकल्पाचा भाग. उत्तर जटलंडच्या किनाऱ्यावर यांतला एक दगड नवख्यालाही ओळखता येतो. तांबूस-तपकिरी अंग आणि त्यावर शंकरपाळ्यांसारखे तिरके चौकोनी, फिकट रंगाचे स्फटिक. हा ऱ्हॉम्ब पॉर्फिरी. त्या भागात याचं मूळ एकच, ऑस्लोचा परिसर. म्हणजे हातातला दगड कुठून आणि कोणत्या दिशेने आला, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बर्फाच्या वाटा शोधण्यासाठी भूशास्त्रज्ञ अशा दगडांचा पुरावा म्हणून वापर करत आले आहेत.

डेन्मार्कच्या लोकांनी हे धोंडे पाच-साडेपाच हजार वर्षं वापरले. अश्मयुगातल्या दगडी थडग्यांच्या छतशिळा यांच्याच, मध्ययुगात जटलंडमध्ये बांधलेली ग्रॅनाइटची चर्च यांचीच, शेतांच्या बांधावर रचलेले गडगेही यांचेच. जमिनीवरचे सोयीचे धोंडे कमी होऊ लागल्यावर नजर समुद्राकडे गेली.

लेसो ट्रिंडेलसारखी खडपं तयार झाली ती दोन टप्प्यांत. आधी बर्फाने गाळ आणि धोंडे एकत्र टाकले. बर्फ वितळल्यानंतरच्या हजारो वर्षांत समुद्राची पातळी आणि जमिनीची उंची दोन्ही बदलत राहिल्या. या काळात लाटांनी आणि प्रवाहांनी माती-वाळू धुऊन नेली, आणि लाटांना न हलणारे धोंडे मागे राहिले, एकमेकांवर, मध्ये मोकळ्या फटी ठेवून. या फटींचं महत्त्व पुढे कळेल.

खलाशांच्या दृष्टीने ही जागा म्हणजे संकट. जुन्या सागरी नकाशांत ट्रिंडेलचा माथा पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ दाखवलेला आहे. डेन्मार्कने आपली पहिली दीपनौका, म्हणजे नांगरून ठेवलेलं दिवा असलेलं जहाज, १८२९ मध्ये नेमकी इथे उभी केली. लेसोच्या आसपासच्या उथळ पाण्यात इतकी जहाजं फुटत की बेटावरच्या जुन्या घरांना फुटलेल्या जहाजांचं लाकूड वापरलेलं आहे. त्यालाही कारण होतं. बेटावर मध्ययुगापासून १६५२ पर्यंत खारं पाणी उकळून मीठ काढण्याचा मोठा उद्योग होता आणि त्या भट्ट्यांनी बेटावरची झाडं खाऊन टाकली होती. लाकूड नाही, म्हणून छपरंसुद्धा समुद्रातल्या गवताची. १९३० च्या दशकात त्या समुद्रगवतावर रोग पडला आणि छपरांची परंपराही अडकली. हे जरा विषयांतर झालं, पण जवळचं संपेपर्यंत वापरायचं आणि मग लांबून आणायचं, हा अनुभव या बेटाला नवा नव्हता एवढं त्यातून दिसतं.

दगड उपसण्याचा धंदा

डेन्मार्कमध्ये समुद्रातून दगड काढण्याला दगडांची मासेमारी म्हणत. त्यासाठी वेगळ्या बोटी होत्या. पाणबुड्या तळाशी जाऊन धोंडा निवडायचा, त्याला साखळी किंवा लोखंडी चिमटा लावायचा, वरून यारीने तो उचलून बोटीत घेतला जायचा. एक धोंडा, मग दुसरा. गिऱ्हाईक ठरलेलं: बंदरांचे धक्के, लाटा अडवणारे बांध, किनाऱ्याचं संरक्षण. देशात दगडखाण जवळपास नाही, आणि समुद्रातला धोंडा मात्र गोलसर, टणक, हजारो वर्षं लाटा सोसलेला. बांधकामाला याहून चांगला माल कुठला?

या पद्धतीने विसाव्या शतकात डेन्मार्कच्या किनारी समुद्रातून लाखो घनमीटर धोंडे उचलले गेले. ट्रिंडेल हे त्यांतलं एक ठिकाण. इथला माथा उथळ आणि धोंडे मोठे, त्यामुळे काम सोपं. शिवाय जहाजांना धोका असलेली जागा थोडी खोल झाली, तर खलाशांनी तक्रार का करावी?

या प्रकरणातली पहिली निर्णयाची जागा इथे आहे, आणि ती कुणाला निर्णय वाटलीच नाही. एका बंदराला लागणाऱ्या दगडांचा हिशेब त्या बंदराच्या कामापुरता होता. एकूण किती धोंडे आहेत, किती गेले आणि ते पुन्हा कधी येणार, हे कुणी एकत्र मांडलं नाही. मासा पकडला तर पुढच्या वर्षी दुसरा येतो. या दगडांना पुन्हा येण्यासाठी नवं हिमयुग लागेल. मासेमारीचं नाव आणि मासेमारीसारखीच परवानगीची पद्धत लावल्यामुळे हा फरक झाकला गेला असावा, असं मला वाटतं.

अडचण

जमिनीवरचा डोंगर खोदला तर सगळ्यांना दिसतं. पाण्याखालचं खडप खचलं तर दिसतं ते नकाशातल्या खोलीच्या आकड्यांत आणि पाणबुड्यांच्या नोंदींत. जुने नकाशे आणि नवे मोजमाप शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की ट्रिंडेलचा माथा बराच खाली गेला आहे. मोठे धोंडे निघून गेले होते, मागे लहान दगड, गोटे आणि वाळू.

नुसती खोली वाढली असती तर एक वेळ चाललं असतं. खरी अडचण अशी की उरलेलं खडप स्थिर राहिलं नव्हतं. मोठे धोंडे लहानांना अडवून धरत होते. ते गेल्यावर हिवाळ्यातल्या वादळी लाटांत लहान दगड इकडून तिकडे घरंगळू लागले आणि झीज पुढे चालूच राहिली. उपसा आटूनही ऱ्हास थांबत नव्हता.

यात शेवाळाचा एक गमतीदार भाग आहे. केल्प हे मोठ्या पानांचं समुद्रशेवाळ मुळं रोवत नाही. तळाशी असलेल्या बोटांसारख्या भागाने ते दगडाला घट्ट पकडून बसतं. पन्नास-शंभर किलोच्या किंवा टनाच्या धोंड्यावर ते वर्षानुवर्षं वाढतं. हाताच्या ओंजळीएवढ्या गोट्यावर बसलेलं केल्प मोठं झालं, की त्याचं लांबरुंद पान लाटेचा जोर अंगावर घेतं आणि मग वादळात शेवाळासकट गोटा उचलला जातो. शेवटी दोघेही कुठल्या तरी वाळूच्या किनाऱ्यावर जाऊन पडतात. म्हणजे लहान दगडांच्या तळावर शेवाळाचं रान उभं राहू शकत नाही. जितकं ते वाढेल तितकं ते स्वतःचीच जागा उखडेल.

शेवाळ नाही म्हणजे त्यात लपणारी पिल्लं नाहीत. फटी नाहीत म्हणजे दिवसा आडोसा घेणारे मासे, खेकडे नाहीत. कॅटेगॅटचा तळ बराचसा वाळूचा आणि चिखलाचा आहे, त्यामुळे अशी कठीण जागा तिथे मुळातच थोडी. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशानुसार सागरी खडपं ही संरक्षण द्यायची अधिवासाची एक श्रेणी आहे आणि ट्रिंडेलचा परिसर नातुरा २००० या संघाच्या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात आला. या भागात समुद्राच्या तळातून मिथेन वायू झिरपून तयार झालेल्या विलक्षण खडकरचनाही आहेत. परिसराची स्थिती सुधारणं ही आता सरकारची कायदेशीर जबाबदारी होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. खर्च शून्य, धोका कमी. निसर्गाला मोकळं सोडलं की तो सावरतो, हा विचार जंगलाच्या बाबतीत पुष्कळदा खरा ठरतो. इथे तो चालत नव्हता, कारण बी नव्हे तर जमीनच नेली होती.

दुसरा, फक्त उपसाबंदीचा. गरजेची गोष्ट, पण खडप स्वतःहून झिजत असेल तर एकटी बंदी अपुरी.

तिसरा पर्याय म्हणजे दुसरीकडचे समुद्री धोंडे उचलून इथे टाकणं. दगड अस्सल मिळाले असते, फक्त एका खडपाची दुरुस्ती करायला दुसरं मोडावं लागलं असतं. तो मागे पडला यात नवल नाही. शेतांतून आणि वाळूच्या खाणींतून निघणारे हिमयुगी धोंडे वापरता आले असते का, हा प्रश्न जास्त रास्त. छोट्या कामांसाठी तो मार्ग चांगला आहे. पण लाखभर टन, तेही ठरावीक आकाराचे, एका हंगामात गोळा करायचे म्हटलं तर अवघड.

चौथा पर्याय काँक्रीटच्या साच्यांचा. कृत्रिम खडपांसाठी जगभर काँक्रीट वापरतात आणि त्यावर मासे येतातही. इथे कायद्याची आणि तत्त्वाची अडचण होती. संरक्षण द्यायचं होतं ते नैसर्गिक अधिवासाला. तिथे साच्यातले ठोकळे टाकून ‘अधिवास पूर्ववत झाला’ असं लिहिणं अवघड गेलं असतं.

पाचवा, खाणीतला फोडलेला दगड. टणक, हव्या त्या आकारात, हव्या तेवढ्या प्रमाणात मिळणारा. उणीव एवढीच की तो टोकदार. हिमनदीने आणि लाटांनी घासून गोल केलेल्या धोंड्यासारखा दिसत नाही. मात्र टोकदार दगड एकमेकांत चांगले अडकतात आणि मध्ये फटीही भरपूर ठेवतात. कोकणात धूपप्रतिबंधक बंधारे पाहिलेल्यांना हे सांगायला नको. फक्त तिथे पायाचे दगड वाळूत रुततात आणि काही पावसाळ्यांनी बंधारा बसतो, ती भीती इथेही होतीच.

निवड पाचव्याची झाली आणि दगड नॉर्वेतला घेतला. बर्फ जिकडून धोंडे आणत होता तिकडूनच माणसाने बार्जेसमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांतून, आणले, यातला योगायोग प्रकल्पातल्या लोकांनाही जाणवल्यावाचून राहिला नसेल.

उघड चर्चेत कमी येणारा एक पेच नौकानयनाचा होता. ज्या धोक्यासाठी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी दीपनौका उभी केली, तोच धोका आता सरकारी खर्चाने परत उभा करायचा. माथा जितका उथळ, तितका प्रकाश जास्त आणि केल्प जोमदार; पण जहाजाच्या तळाला धोकाही तितकाच. शिवाय उथळ माथ्यावर लाटांचा मारा सर्वांत जास्त, म्हणून तिथले दगड सर्वांत जड हवेत. जीवशास्त्रज्ञ, अभियंते आणि नौवहन खातं या तिघांच्या मागण्या एकाच ढिगाऱ्याच्या उंचीवर येऊन भिडत होत्या.

काय केलं

प्रकल्पाला ‘ब्लू रीफ’ असं नाव दिलं. युरोपीय संघाच्या लाइफ या पर्यावरण निधीतून काही पैसा आला, बाकीचा डेन्मार्कचा. एकूण खर्च पन्नास लाख युरोंच्या आतबाहेर. सूत्रं वन आणि निसर्ग खात्याकडे, अभ्यासाची कामं विद्यापीठांतल्या सागरी संशोधकांकडे. मासळीची बाजू डीटीयू अ‍ॅक्वा या डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या मत्स्यसंशोधन संस्थेने सांभाळली.

सर्वांत शहाणपणाचा निर्णय दगड टाकण्यापूर्वीच झाला: २००७ मध्ये, काहीही हलवण्याआधी, शेवाळ, तळावरचे जीव आणि मासे यांची मोजणी करून ठेवली. पॉरपॉइज या डॉल्फिनच्या छोट्या चुलतभावांसाठी पाण्याखाली ध्वनियंत्रं बसवली. हे प्राणी शिकार शोधताना टिकटिक असे आवाज काढतात आणि यंत्र ते आवाज अखंड नोंदवत राहतं. अशा कामांत आधीची मोजणी हा भाग पैसे किंवा वेळ वाचवायला नेहमी गाळला जातो आणि मग शेवटी फोटो दाखवून यश जाहीर करावं लागतं.

दगड पडले ते २००८ च्या उन्हाळ्यात. हंगाम निवडण्यामागे हवामान हे कारण पुरेसं होतं. कॅटेगॅटच्या हिवाळ्यात भरलेला बार्ज जागेवर धरून ठेवणं अशक्यप्राय. कित्येक टनांचे दगड उघड्या, लाटांचा मारा खाणाऱ्या भागांत ठेवले, जेणेकरून आतल्या जुन्या खडपाला ते आधार देतील. खोल भागांत दगडांचे ढीग फटी राखून रचले. सगळीकडे सारखा थर पसरला असता तर काम सोपं आणि मोजायला सोयीचं झालं असतं. पण मग सपाट फरसबंदी झाली असती. लपायला जागा उरली नसती.

दगड समुद्रात सोडणं म्हणजे ट्रक उलटा करणं नव्हे. वरून सोडलेला दगड प्रवाहाने किती सरकेल, ढीग कुठे लागेल, खालच्या वाळूत तो किती रुतेल, हे सगळं वरून अंदाजाने आणि तपासणीच्या मोजमापांवरून ठरवावं लागतं. पडलेला दगड पुन्हा उचलून हलवणं म्हणजे जुनाच उपसा उलटीकडून सुरू करणं.

काय झालं

पहिला निकाल शेवाळाने दिला आणि तो अर्धाच होता. नव्या कोऱ्या दगडावर आधी पटकन वाढणारी, अल्पजीवी शेवाळं येतात. वर्षानुवर्षं टिकणारी मोठी शेवाळं मागून हळूहळू जम बसवतात. २०१२ मध्ये मोजणी झाली तेव्हा दगडांवर भरपूर जीवन होतं, पण जुन्या, मुरलेल्या खडपाची घडण अजून झाली नव्हती. चार वर्षांत ती होईल अशी अपेक्षाच चूक.

माशांचा फरक लवकर आणि ठळक दिसला. २००७ च्या मोजणीत रॅस जातीच्या छोट्या माशांचं वर्चस्व होतं. २०१२ मध्ये कॉड आणि सेथ हे बाजारात चालणारे मोठे मासे पुढे आले होते आणि कॉड आधीच्या कित्येक पट मिळत होता. ध्वनियंत्रांतही पॉरपॉइजची टिकटिक वाढली. ते अधिक वेळा येत होते आणि जास्त वेळ थांबत होते.

इथे घाई करू नये. कॅटेगॅटमधला कॉडचा एकूण साठा याच काळात फार वाईट अवस्थेत होता. मग ट्रिंडेलवर कॉड वाढला म्हणजे समुद्रात कॉड वाढला, की विखुरलेला कॉड चांगल्या आडोशापाशी गोळा झाला? कृत्रिम खडपांच्या अभ्यासात हा जुना वाद आहे. एका ठिकाणची मोजणी तो सोडवू शकत नाही. लहान पिल्लांना आडोसा मिळाल्याने जगण्याची शक्यता वाढते हे पटण्यासारखं आहे, पण किती वाढते हे दाखवायला खूप मोठ्या क्षेत्राची आकडेवारी लागेल. अहवालांत आकडे छापून आले की ‘मासे इतक्या पटीने वाढले’ एवढंच वाक्य बातमीत उरतं. गोळा झालेल्या माशांचा व्यवहारी अर्थ उलटाही असतो: एका जागी जमलेला मासा पकडायला सोपा.

दगड मात्र जागेवर टिकले. खडपाची झीज थांबली, हा अभियांत्रिकीचा निकाल समाधानकारक म्हणावा लागेल.

कायद्याच्या पातळीवर २०१० मध्ये डेन्मार्कने समुद्रातून धोंडे काढण्यावर बंदी घातली. पुढे उत्तर जटलंडमधल्या लिमफिऑर्ड या सामुद्रधुनीत, लिवो बेटाजवळ, आणि इतर फिऑर्डांत, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांतही दगडी खडपं बांधण्याचे प्रकल्प आले. म्हणजे ट्रिंडेलचा नमुना उपयोगी पडला.

काय वेगळं करता आलं असतं

वरच्या तारखा पुन्हा पाहा. दगड टाकले २००८ मध्ये, उपसा बंद केला २०१० मध्ये. व्यवहारात हा धंदा तोवर बराच आटला होता, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान फारसं झालं नसेल. तरी क्रम उलटा आहे. एकीकडे लाखभर टन दगड विकत घेऊन टाकायचे आणि दुसरीकडे कायद्याच्या पुस्तकात उपसा चालू ठेवायचा, यात पैसे देणाऱ्या नागरिकाला काय सांगणार? बंदी आधी यायला हवी होती, कदाचित पंधरा-वीस वर्षं आधी, म्हणजे जेव्हा खोलीचे आकडे शेजारी ठेवून पाहणं शक्य झालं होतं तेव्हा.

परवानगी देताना एकत्र हिशेब ठेवायला हवा होता, हे म्हणणं मागे वळून पाहताना सोपं वाटतं. पण त्यासाठी शास्त्र पुढारण्याची गरज नव्हती. हिमनदीचे दगड पुन्हा येत नाहीत हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. ती माहिती आणि परवाना देणारं टेबल, ही दोन्ही एका सरकारात असूनही एकमेकांना भेटली नाहीत. बंदरांसाठी खाणीचा दगड तेव्हाच बाहेरून आणला असता तर महाग पडला असता; नंतर तो आणावाच लागला, फक्त खडपासाठी.

दगडाच्या निवडीवर माझा एक आक्षेप राहतो. मोठ्या वजनाचा टेकू म्हणून नॉर्वेचा फोडीव दगड योग्य होता. पण वरच्या थरात, निदान काही भागात, शेतांतून निघालेले हिमयुगी धोंडे वापरून तुलना करता आली असती. गोल आणि टोकदार पृष्ठभागांवर शेवाळ सारखंच बसतं का, फटींचा आकार वेगळा असला तर वेगळे मासे येतात का, या प्रश्नांची उत्तरं एकाच जागी मिळाली असती. एवढ्या खर्चाच्या कामात प्रयोगाची ती संधी गेली.

मासेमारीचा प्रश्न मात्र प्रकल्पाच्या आराखड्यातच घट्ट बांधायला हवा होता. नातुरा २००० चं नाव लागलं म्हणून जाळी आपोआप थांबत नाहीत. त्यासाठी वेगळा नियम, नकाशावर आखलेली हद्द आणि ती राखणारी बोट लागते. मच्छीमारांना हे आधीच, दगड पडण्यापूर्वी, स्पष्ट कळलं तर विरोध तिथेच ऐकून घेता येतो. नंतर मासे वाढल्याच्या बातम्या छापून आल्यावर बंदी आणली, तर ती फसवणुकीसारखी वाटते.

मोजणीबद्दल शेवटचं. २००७ आणि २०१२ या दोन मोजण्यांमध्ये पाच वर्षं आहेत, आणि त्यातली चारच दगड पडल्यानंतरची. दीर्घायुषी शेवाळांना जम बसवायला त्याहून जास्त वेळ लागतो, कॉडच्या एका पिढीला मोठं व्हायलाही काही वर्षं जातात. प्रकल्पाचा निधी संपतो तिथे अहवाल संपतो, समुद्रातली घडामोड संपत नाही. पुढच्या खडपांच्या अंदाजपत्रकात दगडांच्या खर्चाबरोबरच दहा-पंधरा वर्षांच्या मोजण्यांचा खर्चही पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवावा लागेल. तो नंतर मागायला गेलं तर मंजूर होणं कठीण, कारण तोवर यशाची बातमी छापून आलेली असते.